खालच्या टोकाची जागा

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता, घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या गोदामाच्या दारात, मुकादमाने खांब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गड्याच्या हातून कपाटाचं खालचं टोक काढून घेतलं आणि त्याला कपबशा गुंडाळायला बसवलं.

घडलं एवढंच. पण गाडीत दोर आवळणारा ड्रायव्हर थांबला, आणि आत काचसामान बांधणाऱ्या काचमावशीने मान वर केली. ती सहसा करत नसे. जिन्यावरून जड वस्तू उतरवताना वरचा माणूस दिशा देतो आणि खालचा वजन घेतो. या टोळीत वरचे येत-जात राहिले, खालचा मात्र वर्षानुवर्षं एकच. म्हणून तर त्याचं नाव खांब पडलं होतं. खालच्या टोकाला पगार जास्त होता आणि मानही. ती जागा मागून मिळत नसे. मुकादमाने एकदा दिली की दिली.

"चुकलं का काही, मुकादम?" खांबाने विचारलं.

"चुकलं नाही. काल गाडी धुताना तू काय म्हणालास?"

"ताईला एक किडनी देतोय म्हणालो. तपासण्या जुळल्या. अजून तीन-साडेतीन महिने आहेत."

"म्हणजे माल बुक झाला."

"कसला माल?"

"तुझ्या पोटातला. आता तो तुझा नाही, गिऱ्हाइकाचा. आपण नुसते राखणदार. बुक झालेला माल जिन्यात आपटतं का कुणी?"

या धंद्यात हा नियम सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता. पावती फाटली की आरसा मालकाचाही राहत नाही आणि हमालाचाही. तो पोहोचेपर्यंत फक्त जपायचा असतो. तो नियम पोटाला लावायची कल्पना मात्र मुकादमाचीच. ड्रायव्हर खाली उतरला, मागून आला आणि खांबाच्या पाठीवर 'नाजूक' असं छापलेली चिकटपट्टी लावून गेला. दुपारपर्यंत कुणीतरी तिच्याखाली 'ही बाजू वर' असा बाणही चिकटवला. खांब तसाच दोन घरं फिरून आला. दुसऱ्या घरच्या आजींनी त्याला बसायला खुर्ची दिली.

चार दिवसांनी त्याने डॉक्टरांना विचारून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनपर्यंत हवं ते उचला, काही बंधन नाही. त्याने हे मुकादमाला सांगितलं.

"डॉक्टरने कधी वळणावर पियानो धरलाय?" मुकादम म्हणाला. विषय संपला.

मुकादम स्वतः एके काळी खालच्या टोकाचा माणूस होता. आता पाठ वाकली होती, आवाज मात्र ताठ होता. पगार कंपनी देत असे, पण त्याचं एक पालुपद गोदामाच्या भिंतींनाही पाठ होतं, 'मी कंपनीचा नाही, गड्यांचा.' कंपनीने दिलेला कॉलरचा शर्ट त्याने कधी अंगाला लावला नव्हता. ऑफिसात त्याच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर फायली बसत. मॅनेजर साहेब त्याला प्रत्येक पत्रात 'कंपनीचे प्रतिनिधी या नात्याने आपण' असं लिहीत, आणि तो ते पत्र ग्लासांना गुंडाळायला मावशीकडे देई. रोज सकाळी साडेसहाला तो फळ्यावर खडूने लिहायचा, कोण वर, कोण खाली, कोण गाडीत, कोण बांधणीला. मॅनेजर साहेब नवाच्या सुमाराला येऊन ते कॉम्प्युटरवर उतरवून घेत. त्या मंगळवारपासून फळ्यावर रोज एक ओळ येऊ लागली, 'खांब - बांधणी'. पगार होता तोच ठेवा, असं मुकादमाने साहेबांना तोंडी सांगितलं आणि साहेबांनी तोंडी मान्य केलं. त्यामुळे कुणाला काही खुपलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे खांबाची थोरली बहीण. ती गाडी शिकवत असे. शहरातले निम्मे लोक तिच्या ओरडण्यावर गाडी चालवायला शिकले होते आणि उरलेले तिला घाबरून पायी चालत होते, असं भाऊजी म्हणत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाऊनही तिने काम सोडलं नव्हतं. भाऊजींचा रक्तगट जुळला नाही. खांबाचा सगळाच हिशेब जुळला. तेव्हा ती पहिल्यांदा नाहीच म्हणाली होती.

"तुझी वस्तू माझ्या पोटात? जन्मभर ऐकवशील, ढब्ब्या."

"ऐकवीन. फुकट देत नाहीये मी."

"बघ, बघ! आत्तापासून!"

महिनाभर हे चाललं. शेवटी तिने होकार दिला तो स्वतःच्या अटीवर. किडनी घेईन, पण त्याबद्दल कधी आभार मानणार नाही. खांबाला हे फार सोयीचं वाटलं. ताईने आभार मानले असते तर कुठे बघायचं हे त्याला कळलं नसतं.

बांधणीच्या टेबलावर खांबाचे पहिले आठवडे हाल झाले. त्याचे पंजे फावड्याएवढे. चहाचा कप त्याच्या मुठीत गेला की दिसेनासा व्हायचा.

"अरे, गळा नको दाबूस त्याचा," मावशी म्हणायची. "कानाला धरू नये, पोटाला धरावं. कागद आत कोंबायचा, मग बाहेर. लेकराला झबलं घालतोस तसं."

"मावशी, कपाट बरं. कपाट बोलत नाही."

"कप कुठे बोलतोय? मी बोलतेय."

एका किटलीचं झाकण गेलं, एका बशीचा टवका उडाला. मग हळूहळू हात बसला. दुसऱ्या महिन्यात तो मावशीच्या बरोबरीने हात चालवू लागला आणि तिसऱ्या महिन्यात तिलाच सुचवू लागला की मोठ्या बशा आडव्या नको, उभ्या लाव. ती म्हणाली, दोन दिवसांचा शिष्य आणि गुरूला शिंकायला शिकवतो. पण बशा उभ्या लावल्या.

वर जिन्यात वजन घेऊन कुणी 'हां, हळू, वळण' म्हणालं की मात्र खांबाचे खांदे आपोआप हलत. मावशीला ते दिसे.

ऑपरेशनला दोन-अडीच आठवडे उरले तेव्हा रुग्णालयातून बोलावणं आलं. जिवंतपणी अवयव देणाऱ्या माणसाच्या बाजूने एक स्वतंत्र माणूस बोलला पाहिजे, असा तिथला नियम होता. ते काम करणारी वकीलबाई एका छोट्या खोलीत बसली होती. टेबलावर पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ, आणि नातेवाइकांना बाहेर थांबवणारी पाटी.

"मी तुमच्या ताईची कुणी नाही," ती म्हणाली. "त्यांच्या डॉक्टरांचीही नाही. मी फक्त तुमची."

"हे बायकोला सांगितलं तर चालेल ना?"

ती हसली. मग तिने प्रश्न सुरू केले. कुणी दबाव आणलाय का? नाही. कुणी पैसे, घर, दागिना असं काही कबूल केलंय का?

"ताई म्हणाली, गाडी शिकवीन म्हणून. फुकट."

तिचं पेन थांबलं. "याला मोबदला म्हणायचं का, ते पाहावं लागेल."

"मोबदला कसला, शिक्षा आहे ती. एकदा तिच्या शेजारी बसून बघा."

तिने ते लिहिलं नाही. पुढे ती सावकाश, एकेक करून सांगत गेली. किडनी विकता येत नाही आणि विकत घेता येत नाही. पण द्यायला गेलेला माणूस स्वतःच्या खिशाला खार लावून घरी जावा, असंही कायद्याला वाटत नाही. ऑपरेशन आणि नंतरच्या तपासण्यांचा खर्च त्याच्यावर पडणार नाही. रजेच्या काळातला पगार सरकारी निधीतून मिळेल. एकच किडनी आहे म्हणून विमा कंपनीला त्याचा हप्ता वाढवता येणार नाही. आणि अगदी भूल देण्याच्या टेबलावरही त्याला नाही म्हणता येईल. ताईला एवढंच कळवलं जाईल की तपासणीत जमलं नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही.

"तिला कळेल," खांब म्हणाला. "खोटं बोललो की माझे कान लाल होतात."

"मग कान झाकून ठेवा. आता शेवटचं. परत आल्यावर तुम्हाला तुमचं काम, त्याच जागेवर, त्याच पगारावर मिळालं पाहिजे. काम कुठलं? तर रजेआधीच्या तीन महिन्यांत करत होता ते. हे अगदी पक्कं आहे, कंपनीला टाळता येत नाही. काय काम करता तुम्ही?"

"सध्या कपबशा," खांब अभिमानाने म्हणाला. "परवा अख्खं उपाहारगृह हलवलं. एक टवका उडाला नाही."

"इथे तर जड सामान, जिन्याचं काम, असं लिहिलंय."

"ते आधी. तीन महिने झाले, गडी मला उचलूच देत नाहीत. जपतात."

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "मग कायद्याने तुमचं काम आता कपबशांचंच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने हे गोदामात सांगितलं तेव्हा मुकादम खडूच्या डबीवर बसला. डबी मोडली.

"म्हणजे मी तुला..." तो म्हणाला, मग एकदम उठला. "उचल! आत्ताच्या आत्ता तो सोफा उचल! ड्रायव्हर, फळा पूस!"

"आता सोफा उचलून तीन महिने मागे जातात का?" मावशी म्हणाली. "मायेनं जपलं आणि घराबाहेर काढलं, अशातली गत."

खांब वर ऑफिसात गेला. मॅनेजर साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांनी रजेच्या अर्जावर उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. रजा आनंदाने मंजूर. परत आल्यावर बांधणी विभागात, त्या विभागाच्या पगारावर. खालच्या टोकाला एक नवा पैलवान गडी त्यांनी पाहून ठेवला होता.

"तुमच्या भल्याचंच आहे हो," ते मनापासून म्हणाले. "एका किडनीवर जिने कशाला? आणि कपबशांमध्ये तुमचा हात किती छान बसलाय!"

"डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांनी सगळं उचलता येईल."

"डॉक्टर म्हणतील. उद्या वळणावर पाय घसरला तर माझ्याच गळ्याला फास."

खांबाला रागवायचं होतं, पण साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला होता. चहा पिऊन तो खाली आला.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती उठली, खिडकी लावली, परत येऊन बसली.

"अहो, किडनी द्या," ती म्हणाली. "ती देऊन या. पण जागाही देऊन येऊ नका."

आणि लगेच फोन लावून तिने ताईलाही सांगून टाकलं, कारण नणंद-भावजयीच्या पोटात एकमेकींपासून काही लपून राहत नसे. दुसऱ्या दिवशी डायलिसिस संपवून, हाताला पट्टी तशीच ठेवून ताई दारात उभी.

"ऑपरेशन रद्द."

"आत तर ये."

"नोकरी घालवून दिलेली किडनी मला नको. रोज सकाळी पाण्याचा घोट घेतला की तुझा पगार आठवायचा मला. रद्द!"

"जागा जातेय ताई, नोकरी नाही."

"मला शिकवू नकोस. ती जागा नसली तर तू कसा दिसतोस ते मी पाहिलंय तीन महिने. काठी काढलेल्या तंबूसारखा!"

कुणी हे खांबाच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. मग तो म्हणाला, "असं करू. तारीख तीन महिने पुढे ढकलू. तोवर मी जिन्यात जातो. कायद्याचे तीन महिने भरतात आणि मग कुणाची ब्याद नाही."

ताईचा चेहरा उजळला. "हे कालच का नाही सुचलं?"

"पण डॉक्टर थांबा म्हणालेत का?" बायकोने विचारलं.

"डॉक्टर काय, बोलतच असतात."

"काय बोलतात?"

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. "हाताची शीर थकलीय म्हणतात. दुसरी शोधायला हवी म्हणतात. शोधतील की. शरीरात काय एकच शीर असते?"

खांबाने तिच्या पट्टीकडे पाहिलं. नेहमीच्या पट्टीपेक्षा ती मोठी होती.

"तारीख तीच," तो म्हणाला.

"ढब्ब्या, मी सांगतेय..."

"तू गाडीत सांग. घरात मी सांगतो." जन्मात पहिल्यांदा तो तिला असं बोलला होता. तिला इतकं आश्चर्य वाटलं की तिने बसून चहा घेतला, डॉक्टरांनी ठरवून दिलेला अर्धा कप.

पण वकीलबाईने त्याला पुन्हा एकटं गाठलं. जागा परत मिळेलच असं मी सांगू शकत नाही, ती म्हणाली. तक्रार करता येईल, आणि ती करायला मी मदत करीन. पण निकाल ऑपरेशननंतरच लागेल. हे पूर्ण समजून सही करताय ना?

"बाई, कपाट जिन्याच्या मध्यावर असताना हमाल मजुरीची बोलणी करत नाही."

"बरोबर," ती म्हणाली. "तशी वेळ येऊ नये म्हणूनच कायदा आहे. तुमच्या बाबतीत तो एका पायरीने चुकला. सही करा, पण खाली उतरलात की बोलणी मात्र सोडू नका."

त्याने सही केली. कान लाल झाले नाहीत.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. खांबाची किडनी ताईच्या पोटात गेल्यावर टेबलावरच कामाला लागली. डॉक्टर म्हणाले, इतकी शहाणी किडनी क्वचित पाहायला मिळते. ताई म्हणाली, मग ती याची नसेल, बाटल्या बदलल्या असतील. तिसऱ्या दिवशी दोघं वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये चालू लागली, खांब पोटाला उशी धरून, ताई एका हाताने सलाइनची दांडी ढकलत.

"डावीकडून चाल. वळणाआधी बघ. अरे, स्ट्रेचर येतंय, थांब!"

"ताई, माझं पोट फाटलंय, हसवू नकोस."

"मी हसवत नाहीये, मी शिकवतेय."

टोळी भेटायला आली ती चिकटपट्टीचं अख्खं बंडल घेऊन. ड्रायव्हरने ताईच्या पांघरुणावर 'पोहोचला' असं लिहिलेला कागद चिकटवला आणि नर्सने सगळ्यांना हाकलून दिलं. मुकादम मात्र दारातच उभा राहिला होता. त्याने खांबाकडे पाहून मान हलवली आणि निघून गेला.

जखम भरली. खांब रजेवरून परतला तो बांधणीच्या टेबलावर, कमी पगारावर. खालच्या टोकाला पैलवान होता. ताकद होती पठ्ठ्यात, पण वळणावर तो भिंतीशी कुस्ती खेळायचा. वकीलबाईने तक्रार केली आणि कामगार कार्यालयाने दोन्ही बाजूंना बोलावलं.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. समोर कामगार अधिकारी, सर्दी झालेल्या, हातात रुमाल. एका बाजूला मॅनेजर साहेब. दुसऱ्या बाजूला वकीलबाई आणि खांब. मागच्या बाकावर ड्रायव्हर आणि मावशी. शेवटी मुकादम आत आला आणि मावशीने ड्रायव्हरच्या दंडाला चिमटा काढला. मुकादमाने कंपनीचा कॉलरचा शर्ट घातला होता. घड्यांच्या रेघा इतक्या कडक होत्या की शर्टावर खिडकी आखल्यासारखी दिसत होती.

साहेबांनी आपलं म्हणणं नीट मांडलं. खांबाचं काम कंपनीने बदललं नाही. गड्यांनी आणि मुकादमाने, प्रेमापोटी, आपसांत बदललं. त्यामुळे रजेआधीचे तीन महिने तो बांधणीलाच होता आणि बांधणीलाच परत घेतलाय. कायदा जसाच्या तसा पाळला.

"मुकादम म्हणजे कंपनी नव्हे?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"ते स्वतःच म्हणतात, मॅडम. मी रुजू झाल्यापासून रोज ऐकतोय."

बाईंनी मुकादमाकडे पाहिलं. "तुम्ही कोण? कंपनीचे की गड्यांचे?"

मुकादमाने कॉलरमध्ये बोट घालून मान मोकळी केली.

"कंपनीचा," तो म्हणाला.

मागे ड्रायव्हरच्या हातातून किल्ल्या पडल्या.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग हे साहेब म्हणतात ते?"

"ते मी यांना चिडवायला म्हणायचो."

"इतकी वर्षं?"

"यांना राग लवकर येत नाही, बाई. वेळ लागतो."

बाई शिंकल्या, किंवा हसल्या. रुमालामुळे कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "याला वजन उचलता येत नव्हतं म्हणून बांधणीला बसवलं?"

"येत नव्हतं?" मुकादम उसळला. "आदल्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरून तिजोरी आणलीय याने. भिंतीचा रंगसुद्धा गेला नाही."

"मग का बसवलं?"

"माल बुक झाला होता."

बाईंना समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं, पावती कशी फाटते इथपासून. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "म्हणजे किडनी देणार होता म्हणूनच काम बदललं. दुसरं कारण नाही."

"दुसरं कारण नाही."

वकीलबाई तेव्हा उठली. किडनी देणार म्हणून जर कंपनीनेच काम बदललं असेल, तर तीन महिने त्या मंगळवारपासून मागे मोजले पाहिजेत, ती म्हणाली. आणि त्या मंगळवारच्या मागे हा माणूस वर्षानुवर्षं खालच्याच टोकाला आहे.

"प्रश्न एवढाच की मुकादम म्हणजे कंपनी का," अधिकारीबाई म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "तुम्ही यांना पत्रं लिहिता त्यात काय लिहिता?"

साहेब कानापर्यंत लाल झाले. "कंपनीचे प्रतिनिधी या नात्याने, असं. पण मी मानत होतो हो. हे मानत नव्हते!"

"आणि आता हे मानतात आणि तुम्ही मानत नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांनी पाणी मागितलं.

निकाल त्या दिवशी लागला नाही. बाईंनी तोवरची तात्पुरती व्यवस्था सांगितली. काम बांधणीचं, पगार जुना. आणि कंपनीकडून एका प्रश्नाचं लेखी उत्तर मागवलं. मॅनेजरला न विचारता गड्याचं काम बदलायचा अधिकार मुकादमाला आहे की नाही?

बाहेर आल्या आल्या ड्रायव्हरने मुकादमासाठी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. "बसा, कंपनीसाहेब."

"गप्प बस."

"साहेब, पगारवाढीचं तेवढं बघा ना," मावशी म्हणाली.

"मी एकदाच म्हणालोय ते. आणि शपथेवर म्हणालोय, म्हणून खरं. बाकी दिवस मी कोण ते तुम्हाला माहीत आहे." शर्टाचं वरचं बटण त्याने गाडी सुरू व्हायच्या आतच काढलं.

खांब मुकादमाच्या शेजारी बसला, एवढंच. वळणावर दोघांचे खांदे एकाच बाजूला कलले.

ते लेखी उत्तर साहेबांच्या टेबलावर पडून राहिलं. गोष्ट धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी होती. 'अधिकार आहे' लिहिलं, तर मुकादम कंपनी ठरतो आणि खांबाची जागा परत द्यावी लागते. 'अधिकार नाही' लिहिलं, तर उद्यापासून कोण वर आणि कोण खाली हे रोज सकाळी साडेसहाला साहेबांनी स्वतः येऊन ठरवायला हवं. मुकादमाने तसं नम्रपणे विचारूनही घेतलं होतं. साहेब, मला अधिकार नसेल तर खडू तुमच्या टेबलावर ठेवू का?

खांबाच्या डॉक्टरांनी वजन उचलायला पूर्ण मोकळीक दिली. ताई कामावर रुजू झाली. तिच्या पहिल्या शिकाऊ माणसाने दुसऱ्या दिवशी वर्ग बदलून मागितला, यावरून ती बरी झाल्याचं सगळ्यांना पटलं. पैलवान दोन वळणांवर अडकला आणि दोन्ही वेळा टेबलावरून उठून खांबाने जिन्याखालून त्याला सांगितलं, कुठला खांदा टाक. हात लावायची परवानगी नव्हती म्हणून लावला नाही.

गुरुवारी संध्याकाळी कामगार कार्यालयातून साहेबांना त्या लेखी उत्तराच्या आठवणीचा फोन आला. शुक्रवारी चौथ्या मजल्यावरून एक पियानो उतरवायचा होता, अरुंद जिना, तीन वळणं. सकाळी साडेसहाला टोळी गोदामात आली तेव्हा मॅनेजर साहेब फळ्यासमोर उभे होते, झोप अपुरी, शर्ट चुरगळलेला, हातात खडू. मुकादम दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून.

फळ्यावर साहेबांनी 'पियानो' लिहिलं होतं. त्याच्याखाली 'वर' लिहून ड्रायव्हरच्या मदतनिसाचं नाव घातलं होतं. मग 'खाली' लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढे खडू टेकवून ते वळले.

"मुकादम," ते म्हणाले, "तुम्ही असता तर कुणाला घेतलं असतं?"

"मला अधिकार आहे का, साहेब?" मुकादमाने विचारलं.

सात वाजेपर्यंत साहेबांनी याचं उत्तर दिलेलं नव्हतं. पियानोवाल्या गिऱ्हाइकाचा फोन दोनदा वाजून गेला होता.